मेली म्हणून सांगितलेली

ट्रकातून बायका उतरल्या तेव्हा मबरूका बागेच्या तोंडाशी उभी होती. पाच ठरल्या होत्या, उतरल्या सहा.

"ही कोण गं?" तिनं शलबियाला विचारलं. शलबिया मजूर बायकांची म्होरकी. साठी ओलांडलेली, पुढचे दोन दात गेलेले, पण आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा.

"दहबिया. डोंगराकडची आहे. कालपर्यंत विहिरीपलीकडच्या बागेत तोडायला होती. म्हणाली, मला तुमच्याबरोबर न्या."

"तिथलं काम संपलं का?"

"संपलं कुठलं! पण म्हणाली, इकडंच यायचंय. हात चांगला आहे तिचा. तुला हातच हवेत ना?"

हात हवे होते, हे खरं. सलग तिसरं वर्ष पावसानं तोंड फिरवलं होतं. जैतुनाची फळं शेळीच्या लेंड्यांएवढीच धरली होती, आणि दक्षिणेकडून कोरडा वारा सुटला होता. आठ-दहा दिवसांत तोडून झाली नाहीत तर फळं सुरकुतून मातीत जाणार. गावातले तरणे गडी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत भांडी घासायला गेलेले. तोडणीला बायकाच मिळत, त्याही ट्रकात उभ्यानं दोन तास हादरे खात आलेल्या.

दहबिया चाळिशीची असेल. अंगात पुरुषी जुना कोट, पायांत रबरी बूट, एक काळा आणि एक हिरवा. तिनं छातीवर हात ठेवून सलाम केला. पण नजर मबरूकाच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिकडे सौसन झाडाखाली ताडपत्री पसरत होती.

"मुलगी का तुमची?"

"हो."

"एकटीच?"

"एकटीच. तू काम करायला आलीस की शिरगणती करायला?"

बाकीच्या बायका हसल्या. दहबिया हसली नाही. तिनं कोटाच्या खिशातून बकऱ्याची तीन शिंगं काढली, उजव्या हाताच्या तीन बोटांत चढवली आणि फांदी ओढून घेतली. शिंगं फांदीवरून विंचरल्यासारखी फिरली आणि ताडपत्रीवर फळांचा सडा पडला. हात चांगला होता. मबरूकाला त्याचंही बरं वाटलं नाही. एवढा चांगला हात चालू काम सोडून इकडे कशाला येईल?

त्यात मबरूकाचे दिवस आधीच सरळ नव्हते. नवरा हादी गेल्याला दुसरा हिवाळा लागला होता. याच बागेत, पाण्याचं पिंप उचलताना, छातीवर हात ठेवून तो खाली बसला तो उठला नाही. मागं राहिली एकशे ऐंशी झाडं, मबरूका आणि सौसन. झाडांना लागून धाकट्या दिराची, खमैसची बाग. मध्ये चुना लावलेले दगड. भाऊ होता तोवर खमैस गप्प होता. चाळिसाव्या दिवसाची दुवा झाली आणि तो दगडांवर येऊन बसायला लागला.

"वहिनी, मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण रक्त ते रक्त. आमच्या बापानं लावलेली झाडं कुणाच्या पोटच्या पोरीला जातायत, ते एकदा कळू दे की."

सगळं गाव जे मनात बोलायचं ते तो तोंडावर बोलत होता. वीस वर्षांपूर्वी मबरूका सैल कपडे घालून किनाऱ्यावरच्या सूसा शहरात बहिणीकडे गेली, सहा महिने राहिली आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "झाली," म्हणाली. हादीनं मेंढा कापला. गावानं मटण खाल्लं, बाळाला दुवा दिली आणि पदराआड एकमेकींना कोपरं मारली. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेलेल्या बाईला सूसाच्या हवेनं बाळ होतं काय!

खरं म्हणजे मबरूकानं घाबरायचं कारण नव्हतं. राजधानीच्या, ट्युनिसच्या कोर्टाचा कागद घरात होता. आमच्या मुलखात कोर्टातून दत्तक घेतलेल्या लेकराला घराण्याचं नाव मिळतं, पोटच्या पोरीइतकाच वाटा मिळतो. कागद खमैसच्या नाकासमोर धरला असता तर त्याचं तोंड तिथंच बंद झालं असतं. पण कागद दाखवायचा म्हणजे दुसरी एक बाई होती, हे चारचौघांत कबूल करायचं. तो कागद हिवाळ्याच्या घोंगड्यांखाली, पत्र्याच्या डब्यात, वीस वर्षं तसाच पडून होता.

सौसनला मात्र ठाऊक होतं. अकरा वर्षांची असताना चुलतभावानं भांडणात तिला "उचलून आणलेली" म्हटलं. ती रडत घरी आली तेव्हा मबरूकानं तिला जवळ घेऊन सांगितलं, "तुझी आई बाळंतपणात मेली. देवानं तुला माझ्याकडे दिलं. आता हे बोलायचं नाही." सौसन पुन्हा बोलली नाही.

दुपारी बायका झाडाखाली जेवायला बसल्या. जिनं तिनं आपापलं बांधून आणलं होतं. मबरूकानं वर तेल, हरिसाची लाल मिरचीची चटणी आणि उकडलेली अंडी ठेवली. एक अंडं तिनं स्वतः सोललं आणि न बघताच सौसनच्या पुढ्यात ठेवलं. मग तिच्या केसात अडकलेलं पान काढून फेकलं.

दहबियाचा घास हातातच राहिला.

"काय बघतेस?" मबरूका म्हणाली.

"कुठं काय, काकी. जेवतेय."

पण ती बघत होती. चहा ओतताना बघत होती, सौसनला ग्लास दिला तेव्हाही बघत होती. मबरूकानं ग्लास धरून बघितला, फुंकर घातली आणि मग दिला. वीस वर्षांच्या मुलीचा चहा फुंकायची ही सवय मबरूकाला आजवर कधी कळलीच नव्हती. आता परक्या नजरेनं ती उघडी पडल्यासारखी झाली.

तिसऱ्या प्रहरी सौसन तीन पायांच्या शिडीवर चढून शेंड्याकडे वाकली. शिडीचा एक पाय ढेकळावरून घसरला. सौसन फांदीला लोंबकळली, फांदी मोडली आणि ती ताडपत्रीवर बसती झाली. लागलं नव्हतं. मबरूका धावत आली आणि तिला उठवायच्या आधी ओरडायलाच लागली.

"डोळे कुठं ठेवलेस गं गाढवे? शिडी रोवायची अक्कल नाही? मोडली असतीस म्हणजे? सासरी काय लंगडत जाणार होतीस? आणि फांदी बघ! चाळीस वर्षांची फांदी!"

"आई, मी पडले की फांदी पडली?"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

बायका खाली माना घालून हसू दाबत होत्या. मबरूकाची नजर दहबियाकडे गेली. दहबिया उघडउघड हसत होती. डोळे भरून आल्यासारखं, समाधानानं. आपली पोर पडते आणि ही हसते!

दुसऱ्या दिवशी खमैस दगडांवर येऊन बसला. मबरूका फळं चाळत होती. पानं वाऱ्यावर उडत होती, फळं चाळणीत खडखडत होती. तिनं मान वर केली तर खमैस दहबियाशी बोलत होता. त्यानं आपल्या मडक्यातलं पाणी तिला दिलं. खमैसनं आजवर कुठल्या मजूर बाईला पाणी दिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. दहबिया पाणी प्यायली, काहीतरी बोलली, मान हलवली.

मबरूकानं शलबियाला बाजूला घेतलं.

"खरं सांग. हिला कुणी पाठवलंय?"

"पाठवणार कोण? स्वतःच मागं लागली. आम्ही ट्रकात गप्पा मारत होतो, तुझ्या बागेचं निघालं..." शलबिया अडखळली.

"काय निघालं?"

"आता बायका बोलतात. कुणीतरी म्हणालं, ते घेतलेल्या पोरीचं घर. तेव्हा ही म्हणाली, मला त्या बागेत न्या."

मबरूकाच्या हातातली चाळणी थांबली. वय जुळत होतं. डोंगराकडच्या मुली शहरात घरकामाला जातात, हेही जुळत होतं. तिनं दहबियाची हनुवटी बघितली, मग सौसनची. दोघींचीही टोकदार होती. अर्ध्या मुलखाची असते, असं तिनं स्वतःला बजावलं. पण मग तिला कानाची पाळीही सारखी दिसायला लागली, चालताना डावा खांदा खाली सोडणंही. दुपारपर्यंत मबरूकाला दहबियात सौसनच दिसू लागली.

त्या संध्याकाळी सौसन पीठ मळता मळता म्हणाली, "ती नवी बाई गमतीची आहे. मला विचारत होती, आई मारते का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, लहानपणी चपलेनं. आता नेम लागत नाही." सौसन हसली. मग मळणारे हात थांबले. "ती विचारत होती, आजारी पडलीस तर उशाशी कोण बसतं? आई, ती असं का विचारते?"

"रिकामं डोकं आहे तिचं. तिच्याजवळ काम करू नकोस."

"आई."

"काय?"

"ती माझी कुणी आहे का?"

मबरूकानं पाण्याचा तांब्या आपटला. "तुझी मेली! एकदा सांगितलंय ना? मेलेल्या बायका जैतून तोडायला येत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून सौसनही बघायला लागली. आता बागेत तिघी होत्या आणि तिघींचं कामाकडे निम्मंच लक्ष होतं. सौसन दहबियाकडे बघायची, दहबिया मबरूकाकडे, आणि मबरूका दोघींकडे. दहबिया गाणं गुणगुणली तरी मबरूकाला वाटे, ही अंगाईच म्हणतेय. सौसननं तिला आपला रुमाल बांधायला दिला तेव्हा मबरूकानं तो भर उन्हात काढून घेतला, धुवायचाय म्हणाली. दहबियानं काही न बोलता आपल्या ओढणीची चिंधी फाडून बोटांना बांधली. शिंगांनी तिची बोटं सोलवटली होती.

पाचव्या दिवशी मबरूकाला राहवलं नाही. दुपारी बायका पलीकडच्या ओळीत होत्या. दहबियाचं गाठोडं बुंध्याशी पडलं होतं. मबरूका त्याच्यापाशी खाली बसली. आपलेच हात आपल्याला परके वाटत होते, तरी तिनं गाठ सोडली. काय शोधतेय ते तिलाही ठाऊक नव्हतं. एखादा फोटो, एखादा कागद, खमैसच्या हातची चिठ्ठी. आत सुकी रोटी होती, कांदा होता, दात गेलेला कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, एक जादा कुडता. तिनं कुडत्याचे खिसेही उलटे केले. काही नव्हतं.

"मागितलं असतंत तर मीच उघडून दाखवलं असतं, काकी."

दहबिया मागं उभी होती. मबरूकाच्या हातात तिचा कुडता होता. तोंडावर रक्त चढलं. पण चोर सापडला की आधी तोच ओरडतो, तसं झालं.

"कुणी पाठवलं तुला? खमैसनं ना? काय सांगायला शिकवलंय त्यानं? माझ्या पोरीकडे गिधाडासारखी बघतेस. चार दिवस बघतेय मी. तिला न्यायला आलीस ना?"

"खमैस कोण? तो पाणी देणारा? तो मला विचारत होता, ही पोर तुझ्या ओळखीची का म्हणून. मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा विचारत होता."

"मग तू का आलीस इथं?"

दहबिया समोर मातीत बसली. बोटांची चिंधी सोडून पुन्हा बांधली.

"मी पोरीकडे बघतच नव्हते," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते."

"माझ्याकडे?"

"मला मुलगा झाला होता. बावीस वर्षं झाली. मी सोळाची होते, ट्युनिसला एका घरी भांडी घासायचे. त्या घरातल्या... ते जाऊ दे. बाप मला जिवंत ठेवणार नव्हता आणि पोराला तर मुळीच नाही. चाळीस दिवस पाजला त्याला. मग कागदावर अंगठा दिला. बालगृहातल्या बाईनं एवढंच सांगितलं, चांगली माणसं आहेत, जैतुनाच्या मुलखातली. तेव्हापासून दर हिवाळ्यात इकडे तोडणीला येते. पहिली काही वर्षं प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघायचे. मग सोडून दिलं. चाळीस दिवसांच्या तोंडावरून बावीस वर्षांचं तोंड कसं ओळखायचं?"

दुसऱ्या ओळीतून शिडी ओढल्याचा आवाज आला. शलबिया कुणावर तरी खेकसत होती.

"ट्रकात ऐकलं, तुमच्या घरात घेतलेली मुलगी आहे. म्हटलं, एकदा बघू या. घेतलेल्या लेकराला रोटी कशी वाढतात. अंडं कुणाच्या पुढ्यात जातं. ती शिडीवरून पडली तेव्हा तुम्ही तिला काय ओरडलात! मला एवढं बरं वाटलं, काकी. परक्याच्या पोरीला कुणी असं ओरडत नाही. परक्याच्या पोरीला विचारतात, लागलं नाही ना म्हणून. गाढवे म्हणत नाहीत."

मुलगा. हिला मुलगा झाला होता. ही ती नव्हे. तिनं एवढा मोठा श्वास सोडला की तिचं तिलाच ऐकू आलं. मग समोर बसलेल्या बाईची बोटं दिसली आणि त्या सुटकेची तिला लाज वाटली.

"हिची आई कुठं असते?" दहबियानं विचारलं.

"मेली," मबरूका सवयीनं म्हणाली. "बाळंतपणात."

"तुम्ही पाहिलंत?"

वाऱ्यानं ताडपत्रीचा कोपरा उलटला आणि फळं घरंगळत मातीत आली. दोघींपैकी कुणीही ती गोळा करायला उठली नाही.

"पाहिलं नसेल तर मारू नका तिला," दहबिया म्हणाली. "माझ्या पोरालाही कुणीतरी सांगितलं असेल, तुझी आई मेली. रोज वाटतं मला ते. मी इथं चालतेबोलते, रोटी खाते, आणि कुठल्यातरी घरात मी मेलेली आहे."

ती उठली. आपला कुडता मबरूकाच्या हातातून घेतला, घडी घातली, गाठोडं बांधलं आणि कामाला गेली.

त्या संध्याकाळी मबरूकानं चूल पेटवली, पण हंडी चढवली नाही. सौसन मेंढीला चारा घालून आली तेव्हा आई उंबऱ्यात बसलेली होती.

"बस जरा," मबरूका म्हणाली. "ती तुझी कुणी नाही. तिला मुलगा झाला होता."

सौसन बसली. चेहऱ्यावर काय आलं ते मबरूकाला वाचता आलं नाही. सुटका असेल, निराशाही असेल.

"आणि तुझी आई मेली नाही. म्हणजे मेली की नाही ते मला ठाऊक नाही. मी बघितली तेव्हा जिवंत होती."

"कधी बघितलीस?"

"तुला आणायला गेलो तेव्हा. बालगृहाच्या बोळात बाकावर बसली होती. तिला तिथं बसायची परवानगी नव्हती. आतल्या बाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला उठवून नेलं. तुझ्या आत्ताच्या वयाची असेल, लहानच. पायात प्लास्टिकच्या चपला. कुडता पुढून ओला झालेला. तू माझ्या हातात रडलीस की तो आणखी ओला व्हायचा." मबरूकानं स्वतःच्या छातीकडे हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. "मी तिकडं बघायचं टाळलं. तर तीच उठून जवळ आली. म्हणाली, ताई, न्हाऊ घातल्यावर हिचे कान पुसा. कानात पाणी राहिलं की रडते."

"बस एवढंच?"

"एवढंच. नाव विचारलं नाही मी. हो सुद्धा म्हटलं नाही. पण कान पुसले गं. रोज पुसले. तू चालायला लागलीस तरी पुसत होते."

सौसन उठून उभी राहिली. "नऊ वर्षं मी तिच्यासाठी फातिहा म्हणतेय. प्रत्येक ईदला. कबर कुठं ते माहीत नाही म्हणून कुठल्याही कबरीपाशी उभी राहून. आणि तू शेजारी उभी असायचीस!"

"मला भीती वाटायची."

"कसली?"

"जिवंत असली तर येईल अशी."

सौसन अंगणात गेली. चाळणी घेऊन तिनं दिवसभराच्या फळांतली पानं पाखडायला सुरुवात केली. गरज नसताना, वारा नसताना, उजेड जाईपर्यंत. मबरूका उंबऱ्यातून तो आवाज ऐकत राहिली. बोलवायचं धाडस तिला झालं नाही. पुढचे दोन दिवस सौसन तिच्याशी कामापुरतंच बोलली. शिडी धर. पोतं आण. अंडं सोलून ठेवलं तर तिनं खाल्लं नाही.

आठव्या दिवशी शेवटची ओळ तोडून झाली. शेवटच्या दिवशी मजुरांना घरचं जेवण असतं. मबरूकानं कुसकुसची मोठी परात आणि वर मेंढ्याचं मटण बागेतच आणलं. बायका हात धुऊन गोल बसल्या. तेवढ्यात खमैस दगड ओलांडून आला. आठ दिवस तोही बघत होता, आणि मायलेकींचा अबोला त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

"काय वहिनी, सापडली ना शेवटी?" तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग दहबियाकडे वळला. "घाबरू नकोस, बाई. या सगळ्याजणी साक्षीला आहेत. सांग, ही पोर तुझी ना?"

परातीभोवती चमचे थांबले. दहबिया मान हलवायला लागली, पण तिच्या आधी मबरूका उठली. हातात मटणाचा डाव तसाच होता.

"तिची नाही, भावजी. पण माझ्या पोटचीही नाही. तुम्हाला वीस वर्षं हेच ऐकायचं होतं ना? ऐका. मी हिला जन्म दिला नाही. एका पोरीनं दिला. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. देवाच्या कृपेनं ती जिवंत असो. तिनं पोर माझ्या हवाली केली आणि मी गावाला सांगितलं, माझ्या पोटातून आली. पोरीला सांगितलं, ती मेली. दोन्ही खोटं."

"म्हणजे तू कबूल..."

"पुढचं ऐका. कोर्टाचा कागद आहे माझ्याकडे. तुमच्या भावाच्या सहीचा. संध्याकाळी घरी या, चष्मा घेऊन या. सौसन हादीची मुलगी आहे, कायद्यानं आणि त्याच्या मनानंही. या बागेतलं एक पान तुम्हाला मिळणार नाही. आता जेवायचं असेल तर बसा, नाहीतर वाट सोडा, वारा अडतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. शलबियाच असावी. खमैस दोन क्षण उभा राहिला, मग काहीतरी पुटपुटत दगडांपलीकडे गेला. संध्याकाळी तो खरंच आला, कागद दोनदा वाचला आणि चहा न घेता गेला. पण ते नंतरचं.

मबरूका खाली बसली. परातीतला सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा घरच्या वडीलधाऱ्याला वाढायची रीत आहे. तिनं तो उचलला आणि दहबियाच्या पुढ्यात ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही.

"मला कशाला, काकी? ही मोठी आहे," दहबियानं शलबियाकडे बोट केलं.

"खा गं," शलबिया म्हणाली. "मला दात कुठं आहेत!"

ट्रक आला तेव्हा सौसन दहबियाजवळ गेली. तिची सोलवटलेली बोटं हातात घेतली.

"तुमचा मुलगा कधी जन्मला?"

दहबियाला प्रश्न कळलाच नसावा. सौसननं पुन्हा विचारला.

"मार्चची नऊ," दहबिया म्हणाली. "पहाटेच. गारा पडत होत्या बाहेर. असं कुणी विचारलंच नव्हतं मला कधी." मग ती एकदम खूप बोलायला लागली. त्याचे केस किती होते, डावा हात कसा मुठीत आवळून झोपायचा. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. शलबियानं वाकून त्याच्या खिडकीवर थाप मारली, "थांब रे मेल्या, आगगाडी आहे का ही?"

ट्रक गेल्यावर मायलेकींनी ताडपत्र्या गुंडाळल्या. दोन टोकं दोघींनी धरल्यावर जवळ यावंच लागतं. चौथ्या ताडपत्रीला सौसन म्हणाली, "मला जायचंय तिथं. जिथून आणलंत."

"शोधायला?"

"शोधायला नाही. तिला नको असेल तर? तिचं लग्न झालं असेल, पोरं असतील, घरात सांगितलं नसेल. पण ती कधी विचारायला आली तर तिला काही कळायला नको का?"

तेल काढून झालं, त्यानंतरच्या मंगळवारी त्या दोघी ट्युनिसच्या बसमध्ये बसल्या. बालगृहाचं कार्यालय आता नव्या इमारतीत होतं. दोन तास थांबल्यावर चष्मा लावलेल्या एका कारकूनबाईसमोर नंबर लागला. तिनं जुनी फाईल काढली, स्वतःपुरती उघडून बघितली आणि मिटली.

"यातलं तुम्हाला काही सांगता येत नाही. पण तुम्हाला निरोप ठेवायचा असेल तर ठेवता येतो. ती आली आणि तिनं विचारलं तर देऊ. येईलच असं नाही."

"माहीत आहे," मबरूका म्हणाली.

"सांगा. मी लिहून घेते."

बसमध्ये मबरूकानं पुष्कळ काही ठरवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. तिनं सौसनकडे बघितलं. सौसननं मान हलवली, तूच सांग.

"लिहा, मुलगी बरी आहे. बारावीपर्यंत शिकली. आमच्या बागेत काम करते, उलटून बोलते. नाव सौसन ठेवलं. तिला तुमच्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आता खरं सांगितलंय." ती थांबली. "आणि लिहा, कान रोज पुसले."

कारकूनबाईचं पेन थबकलं. "काय पुसले?"

"कान. तिला कळेल."

तिनं लिहिलं. गावाचं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. मग फॉर्मच्या खालच्या रकान्याशी आली.

"निरोप ठेवणाऱ्याचं नाव?"

"मबरूका. हादीची बायको."

"त्या बाईशी तुमचं नातं?"

मबरूका रकान्याकडे बघत राहिली. मागच्या रांगेत कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"मी तिच्या मुलीची आई," ती म्हणाली.

कारकूनबाईनं चष्म्यावरून एकदा तिच्याकडे, एकदा सौसनकडे पाहिलं. रकाना अरुंद होता. तिनं अक्षर बारीक केलं आणि जसं सांगितलं तसं लिहिलं.